रंजनाताईंची रविवारची फेरी

रंजनाताई पार्टे यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. पडवीत दोन चांगल्या खुर्च्या होत्या, मुलाने डोंबिवलीहून पाठवलेल्या, पण त्या आम्हा लोकांसाठी. बाई स्वतः खांबाला पाठ लावून उभ्या राहायच्या, पाय थोडे फाकवून, डावा हात डोक्याच्या वर खांबाला धरून. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या, आणि तीसुद्धा पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना जाणाऱ्या गाड्यांवर, जिथे सरळ रस्ता शोधून सापडत नाही. रिटायर झाल्या तरी त्यांच्या पायांचा विश्वास बसत नव्हता की जमीन आता हलत नाही. "ताई, बसा की," म्हटलं की म्हणायच्या, "बसून काय दिसतं रे? सगळ्यांच्या पाठी."

मी त्यांचा माडीवरचा भाडेकरू. बायको इथल्या शाळेत शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड पोलादपुरात, आणि मी रोज कंपनीच्या बसने महाड एमआयडीसीत, एका औषधांच्या कारखान्यात. लॅबमध्ये केमिस्ट आहे. माणूस म्हणून मी किरकिरा आहे, हे बायको सांगतेच, मीही नाकारत नाही. खेळ या प्रकाराशी माझं लहानपणापासून जमलं नाही. क्रिकेटमध्ये मला नेहमी झाडाखालची जागा मिळायची, तिथे चेंडू आलाच तर तो झाडाला लागून यायचा. तर असा मी एका रविवारी दुपारी, नळाला पाणी नाही म्हणून तणतणत खाली उतरलो.

"ताई, वर पाणी येत नाहीये."

"येईल. मोटर लावते," रंजनाताई म्हणाल्या. "पण आधी एक सांग, केमिस्ट. तुझ्यासमोर एक वेस हाय. वेशीत राक्षस झोपलाय, घोरतोय. वेशीची किल्ली त्याच्या पोटाखाली. काय करशील?"

"मोटर लावाल का?"

"राक्षसाच्या वेशीत मोटर नाय."

पडवीत आणखी तीन माणसं बसली होती आणि तिन्ही माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही माझ्या उत्तरावर त्यांचा जीव अडकलाय. नंतर कळलं की खरोखरच अडकला होता. त्यांची तीन सोंगं त्या वेशीशी तासभर खोळंबली होती. मी वैतागून म्हणालो, "त्याला कूस बदलू दे ना. घोरणारा माणूस कूस बदलतोच. आमच्या घरी बघतो मी रोज." हे मी माझ्या सासऱ्यांबद्दल बोललो होतो. रंजनाताईंनी चामड्याच्या पिशवीतून एक फासा काढून माझ्या हातावर ठेवला. वीस बाजूंचा, निळा, बोराएवढा. "टाक." मी टाकला. अठरा पडले. राक्षसाने कूस बदलली, तिघांनी ओरडून पडवी डोक्यावर घेतली, आणि एका जाड्या माणसाने मला उचललं. दीड तासाने बायको रिकामी बादली घेऊन खाली आली, तेव्हा मी जादूगार झालेलो होतो आणि पाण्याचं मला काही आठवत नव्हतं. त्यावर घरी काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

हा खेळ नवा असणाऱ्याला थोडक्यात सांगायचा तर असा: पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एक माणूस गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत एकेक सोंग घेऊन शिरतात. सांगणारा विचारतो, आता काय करणार? तुम्ही सांगता. जमेल की नाही हे शंकास्पद असलं की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. बस, एवढंच. मुंबई-पुण्यात पोरं खेळतात म्हणे, जाड जाड इंग्रजी पुस्तकं घेऊन. पोलादपुरात पुस्तक नव्हतं. रंजनाताई होत्या.

त्यांना हा नाद लागला डोंबिवलीत. मुलाकडे तीन महिने राहायला गेल्या होत्या. दर शनिवारी त्याच्या ऑफिसातली मित्रमंडळी हॉलमध्ये जमून हा खेळ खेळत. एका शनिवारी एक जण कमी पडला, तेव्हा मुलगा म्हणाला, आई, तू बस नुसती. नुसती बसणं हे या बाईला जमणारं नव्हतंच. मुलाने गोष्ट सांगितली: काळोखा किल्ला, समोर बंद दार, काय करतेस? बाकीची पोरं तलवारी उपसून तयार. रंजनाताई म्हणाल्या, "दार उघडते नि बाजूला उभी राहते. आधी आतल्यांना उतरू देते." पोरं हसून लोळायला लागली. पण मुलाने कपाळाला हात लावला, कारण दारामागे त्याने चाळीस भुतं दबा धरून बसवली होती. दार उघडल्यावर ती सगळीच्या सगळी मुसंडी मारून बाहेर पडली, आणि समोर कोणीच नाही म्हटल्यावर जिना उतरून निघून गेली. "चाळीसच्या चाळीस उतरली! एकाला धक्का नाय लागला!" हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मी त्यांच्या निरोपसमारंभाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. परत येताना मुलाने त्यांना फाशांचा एक संच दिला. इंग्रजी पुस्तक त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, नियम सगळे ऐकलेत, राहिलेले मी करीन.

आणि केले. त्यांच्याकडे खेळाला खेळ म्हणत नसत, फेरी म्हणत. फेरी रविवारी तीनला सुटायची. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला पुढच्या थांब्यावर चढावं लागे, म्हणजे गोष्टीत योग्य जागा येईपर्यंत पायरीवर बसून राहावं लागे. मी स्वतः, त्यांच्याच घरात राहणारा माणूस, दोनदा पायरीवर बसलोय.

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे मोघम बोलायचं नाही. नवा माणूस आला की छाती काढून म्हणतो, मी लढतो. रंजनाताई हात पुढे करायच्या, अगदी वीसच्या तिकिटाला पाचशेची नोट दिल्यासारखं तोंड करून. "सुट्टं बोल! लढतो म्हणजे काय? कशानं? कुठल्या बाजूनं? पायाखाली काय हाय, चिखल का कातळ?" माणूस अडखळायचा, विचार करायचा, आणि विचार करता करता खरोखरच त्याच्या पायाखाली चिखल यायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः एकदा सिमेंटच्या पडवीत चप्पल झटकली होती.

दुसरा नियम सोंगाचा. दिवसभर जो धंदा करता तो इथे करायचा नाही. म्हणून मला, ज्याचा मोजमापावाचून कशावरही विश्वास नाही, जादूगार केलं. महाडहून स्कूटरवर येणारी नसरीन तिथे कपडे शिवायची, नवरा कुवेतला, आणि गिऱ्हाइकाचा उरलेला वीतभर कपडासुद्धा घडी करून परत देणारी बाई. तिला चोर केलं. कशेडी घाटात कलंडलेले ट्रक क्रेनने उचलणारा दिलीप, तोच मला उचलणारा जाड्या, झाला वैदू. आणि संतोष, जो आमच्याच एमआयडीसीत दुसऱ्या एका कारखान्यात सेफ्टीच्या खात्यात आहे, जो बोलला तर दिवसाला चार वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन हेल्मेटबद्दल असतात, तो झाला योद्धा. महाकाय, दोन हातांत दोन कुऱ्हाडी.

नियम चांगला होता, पण माणसाचा धंदा असा सोंगाखाली दबून राहत नाही. मला गुहेत सोनेरी रस भरलेली बाटली सापडली. पिणारा अदृश्य होणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मी ती लांब धरून हाताने वास नाकाकडे ओढला, आणि विचारलं, "बॅच कुठली?" दिलीप जखमी राजकुमाराला औषध देण्याऐवजी म्हणाला, "ह्याच्या कमरेला पट्टा लावा नि हळू वर घ्या. मागं कोणी उभा राहू नका." पण या सगळ्यांवर संतोषने जी कडी केली ती पोलादपुरात अजून सांगतात.

त्या दिवशी आम्ही महिनाभराच्या प्रवासानंतर नागराजाच्या गुहेशी पोचलो होतो. आत नागराज, त्याच्याखाली खजिना, आणि गुहेचं तोंड माणूसभर रुंद. रंजनाताईंनी आवाज खाली आणला. "आतून ऊन हवा येत्ये. काहीतरी सरपटतंय. बोला."

संतोष म्हणाला, "आत गॅस किती आहे?"

"काय?"

"बंदिस्त जागा आहे. एकच तोंड. गॅस तपासल्याशिवाय आत जायचं नाही. परमिट कोण देणार?"

ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीत, भुयारात, कुठल्याही कोंडलेल्या जागेत उतरायचं तर आधी आतली हवा तपासतात, परवानगीचा कागद भरतात, बाहेर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा करतात. हे सगळं जिवाचं काम आहे, आणि एमआयडीसीत राहणाऱ्याच्या हाडात मुरलेलं असतं. मीही लगेच म्हणालो, "बरोबर आहे त्याचं." हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. मी दोरीला कंदील बांधून आत सोडला. दिलीपने तीन बांबूंची तिकाटी उभी करून तिला कप्पी लावली, आणि ती कशी लावली हे वीस मिनिटं सांगितलं. नसरीनला बाहेर उभं केलं, आत जाणाऱ्याचं नाव लिहायला. ती म्हणाली, "मी चोर आहे, मला खजिन्यापासून लांब का ठेवता?" त्यावर वाद झाला. सहा वाजले. आत अजून कोणीही गेलेलं नव्हतं.

आणि रंजनाताई? दुसरी कोणी असती तर फासे फेकून आत निघून गेली असती. बाई खांबाला टेकून ऐकत होत्या. मग त्यांनी मान थोडी पुढे काढली आणि जाड, कंटाळलेल्या आवाजात बोलल्या, "कोण हाय रे भायेर? तीन तास आवाज येतोय. येताय का नाय?"

नागराज स्वतः गुहेच्या तोंडाशी आला होता.

संतोष जागेवरून हलला नाही. त्याने नागराजाला विचारलं, आत गॅस आहे का. नागराज म्हणाला, हाय, माझाच हाय. संतोष म्हणाला, मग तुम्हीच बाहेर या, इथे मोकळ्यावर बोलू. आणि त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा एखाद्या नागराजाने परमिटवर सही केली. खजिना बोलणी करून अर्धा मिळाला. घरी जाताना संतोष माझ्याशी बोलला. म्हणाला, "मजा आली." खेळातलं बोलणं सोडलं तर हे त्याचं दिवसाचं पाचवं वाक्य होतं.

रंजनाताई प्रत्येक भुताखेताचा आवाज वेगळा काढायच्या, आणि त्यावरूनही एक प्रकरण झालं. शेजारच्या भागीरथीकाकूंनी भिंतीपलीकडून एका रविवारी चेटकिणीचं हसणं ऐकलं, मग रेड्याचं बोलणं, मग लहान मुलीचं रडणं, आणि सगळा आवाज एकाच बाईच्या गळ्यातून. पुढच्या रविवारी काकू नारळ, लिंबू आणि अंगारा घेऊन हजर. "रंजे, कसं वाटतंय गो तुला?" रंजनाताईंनी लिंबाचं सरबत केलं, नारळ वाटपाला ठेवला, आणि काकूंना म्हणाल्या, "आलीस ती बरी आलीस. मला रानातली एक म्हातारी पायजे. वाटसरूंना वाट सांगते, पण खोटी सांगते. करशील?" काकू आधी नाय नाय म्हणाल्या. दिवे लागले तरी उठेनात. त्यांनी आम्हाला एवढ्या खोट्या वाटा सांगितल्या की पुढचे दोन रविवार आम्ही त्याच रानात होतो. त्यानंतर कपडे वाळत घालताना भिंतीवरून विचारायच्या, "माझी म्हातारी जिवंत हाय ना?"

असं दोन वर्षं चाललं. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले. मुलगा आला, चांगला मुलगा आहे, म्हणाला, आई, आता एकटं राहणं बास. ऑपरेशन तिकडेच, राहणंही तिकडेच. रंजनाताईंनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. त्या रविवारी फेरी संपल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं, "दिवाळीच्या आधी मी जात्ये. माझ्या जागी कोण उभं राहतंय ते बघा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जागा घ्यायची म्हणजे गोष्ट सांगायची, आणि तिथे उभं राहायला कोणाचे पाय धजत नव्हते. तरी एकेकाने प्रयत्न केला. मी आठवडाभर जागून वहीची तीस पानं लिहिली, उत्तरेकडच्या बर्फाळ राज्याची. पहिल्याच वळणावर सगळे दक्षिणेकडे गेले. मी म्हणालो, तिकडे काही नाही. नसरीन म्हणाली, असं कसं, काहीतरी असेलच. मी म्हणालो, नाहीये! आणि भांडण झालं. नसरीनने सांगितलेल्या गोष्टीत कोणालाही लागत नव्हतं. राक्षस गदा उगारायचा आणि मग त्यालाच वाईट वाटायचं. दिलीपच्या गोष्टीत आमची गाडी घाटात दरीकडे कलली, आणि ती वर काढण्यात रविवार संपला. उठताना तो एकटाच खूश होता. संतोषने तर मान हलवून नकारच दिला. चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटल्यावर त्याला घाम फुटला.

जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्या लोणच्याच्या बरण्या खोक्यात भरायला खाली गेलो होतो. त्या दिवशी त्या बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल लावत.

"केमिस्ट, रिटायर झाले ना, तर पहिलं वर्ष मला कोणी काय विचारलंच नाय," त्या म्हणाल्या. "आधी दिवसभर माणसं विचारायची. गाडी कधी, थांबंल काय, जागा हाय काय. मग एकदम गप्प. खरं सांगते, मी स्टँडवर चौकशीला फोन लावायची. वरंधची गाडी कधी हाय म्हणून. मला वरंधला जायचं नसायचं. नुसतं कोणीतरी बोलावं म्हणून." मग हसल्या. "ह्या खेळानं पडवी भरली. पण एक मला कळत नाय. तुम्ही लोक येता ते खेळासाठी, का म्हातारीला बरं वाटावं म्हणून?"

"काहीतरीच काय ताई! खेळासाठीच."

"तू आता तसंच बोलणार. मी गेल्यावर कळंल. फेरी सुटली तर खेळ खरा. नाय सुटली, तर तुम्ही माझी कीव करत होता, दुसरं काय."

मला ते लागलं. कारण सुरुवातीच्या दिवसांत बायकोने, दर रविवारी खाली काय असतं तुझं, असं विचारलं होतं, तेव्हा मी म्हणालो होतो, एकट्या आहेत बिचाऱ्या, तेवढंच बरं वाटतं त्यांना. मी बरण्यांना कागद गुंडाळत राहिलो. तोंड वर करायची लाज वाटली.

मुलगा गाडी घेऊन आला. त्यांनी पडवीची किल्ली आणि फाशांची पिशवी माझ्याकडे दिली. कोणाकडून काही कबूल करून घेतलं नाही. भागीरथीकाकू रडल्या, दिलीपने रंजनाताईंना दोन्ही हातांवर उचलून सीटवर ठेवलं, आणि गाडी गेली.

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. संतोषला सेकंड शिफ्ट, नसरीनकडे लग्नाचे ब्लाऊज, दिलीपचा कशेडीत कंटेनर कलंडलेला. सगळी कारणं खरी होती आणि तरी मी पडवीत एकटा बसून सगळ्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या रविवारी तीन वाजता पुन्हा मी एकटा. तीन वाजून दहा मिनिटांनी मी किल्ली उचलली. तेवढ्यात संतोषची मोटरसायकल आली. त्याच्या हातात त्याच्या कारखान्यातला परमिटचा फॉर्म होता, कोरा झेरॉक्स करून आणलेला, आणि बारीक अक्षरात भरलेला. त्याच्या मागे नसरीन, तिच्या मागे क्रेनच घेऊन दिलीप, गल्लीचं तोंड अडवून. संतोषने त्यांना आदल्या दिवशी फोन केले होते. मला केला नव्हता, कारण मी काय, वरच राहतो.

तो खांबाजवळ उभा राहिला. त्याने आमच्याकडे न बघता वाचायला सुरुवात केली.

"कामाची जागा: मिठाची जुनी खाण. उतरणारी माणसं: तीन. धोका क्रमांक एक: छताला तडे आहेत. धोका क्रमांक दोन: आधी उतरलेल्यांची नावं वहीत आहेत, बाहेर आल्याची सही नाही." तो थांबला. "धोका क्रमांक तीन: आत काहीतरी श्वास घेतंय. मोजलं. आपल्यापेक्षा हळू घेतंय."

दिलीपने माझा दंड धरला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मला तेव्हा कळलं की आम्ही येडे होतो. ज्या माणसाला पगारच मुळी काय काय बिघडू शकतं याचा रोज विचार करण्याचा मिळतो, त्याच्यापेक्षा ही गोष्ट चांगली सांगणार कोण? रंजनाताई हसवत घाबरवायच्या, हा न हसता घाबरवत होता. सहा वाजले तेव्हा आम्ही अजून खाणीच्या दुसऱ्या मजल्यावर होतो आणि कोणाला उठायचं नव्हतं.

मी लगेच डोंबिवलीला फोन लावला. "ताई, फेरी सुटली!"

"कोण उभं राहिलं?"

"संतोष."

मग रंजनाताई हसल्या. "चल, लबाड. संतोष काय चार माणसांत बोलणार हाय? मला बरं वाटावं म्हणून सांगतोस."

मी शपथ घेतली. नसरीनने घेतली. फोटो पाठवला तर म्हणाल्या, चार माणसं बसवून फोटो कोणी पण काढतं. दर रविवारी मी फोन करायचो, त्या "हो का, बरं बरं" म्हणायच्या, आणि मग पाण्याची मोटर नीट चालते का ते विचारायच्या. ऑपरेशन झालं, चालायला लागल्या, आवाज खणखणीत झाला, पण खेळाचं सांगितलं की आवाजात ते तसंच. लहान मुलाच्या बढाया ऐकून घेतात तसं. माझा जीव खालीवर व्हायचा. नंतर नंतर मीही सांगणं सोडलं.

मग थंडीतला एक रविवार. खाणीच्या शेवटच्या मजल्यावर आम्ही पोचलो होतो. संतोष आता कागद न घेता बोलायचा, कपाळावर हेल्मेटचा वळ तसाच. दिलीप दोरीवरून त्याच्याशी तावातावाने भांडत होता. नसरीन खुर्चीवर उभी राहिली होती, कारण तिच्या चोराच्या पायाखाली पाणी चढत होतं. भागीरथीकाकू कोपऱ्यात बसून खाणीतल्या आंधळ्या म्हातारीच्या आवाजात शाप देत होत्या. मी गल्लीकडे तोंड करून बसलेला, हातात फासा, माझी पाळी येणार म्हणून.

समोरच्या शेवग्याखाली रंजनाताई उभ्या होत्या. अंगात स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, हातात काठी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. डोंबिवलीहून एवढ्या लांब, कोणाला न सांगता, सांगितलं असतं तर आम्ही मुद्दाम जमलो असतो म्हणूनच न सांगता. मी उठायला गेलो. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मग तळहाताने मला खाली बसवलं. नसरीन काहीतरी बोलली आणि सगळे ओरडले, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर धरला. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते. मग त्यांनी बोट हवेत उचललं आणि गाडी सुटायच्या आधी कंडक्टर मोजतो तशी आमची डोकी मोजली. संतोष, दिलीप, नसरीन, काकू. शेवटी माझ्यावर बोट आलं आणि क्षणभर तिथेच राहिलं. त्यांनी मान हलवली, दोनदा, चांगली जोरात. आणि वळून स्टँडकडे चालायला लागल्या, नव्या गुडघ्यांनी, झपझप, काठी नुसतीच हातात.

"केमिस्ट, लक्ष कुठं आहे?" संतोष ओरडला. "छत येतंय खाली! फासा टाक!"

मी टाकला. एक पडला.

संतोषने फाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात सांगितलं की जादूगार गेला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. नसरीन खुर्चीवरून खाली उतरली. दिलीपने आपला तो भलामोठा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"अरे रडतोस काय असा, घरातला माणूस गेल्यासारखा," तो म्हणाला. "पुढल्या रविवारी ये नि दुसरा बनव."

मी मान हलवली. भागीरथीकाकूंनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि बाकीचे खाणीतून बाहेर पडायची वाट शोधायला लागले.